सल्फाइट, मॉलिब्डेनम आणि एक न तपासलेला निष्कर्ष

१. प्रस्तावना

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘विज्ञान व तंत्रज्ञानाचा इतिहास’ हा ऐच्छिक विषय आहे. अन्न टिकवणाऱ्या रसायनांवरच्या एका तासाला एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. त्याला लहानपणापासून दमा आहे. पिवळे बेदाणे खाल्ले किंवा बाटलीतले सरबत घेतले की काही मिनिटांत त्याची छाती आवळते. त्याला कोणीतरी मॉलिब्डेनमच्या गोळ्या घ्यायला सांगितले होते. “सर, गोळ्या सुरू केल्या तर मला हे पदार्थ खाता येतील का?” असा त्याचा साधा प्रश्न होता.

या सल्ल्यामागचा युक्तिवाद तीन वाक्यांत मांडता येतो. शरीरात सल्फाइटचे निरुपद्रवी सल्फेट करणारे एक विकर (एन्झाइम) असते. त्या विकराला काम करण्यासाठी मॉलिब्डेनम लागते. म्हणून मॉलिब्डेनम जास्त घेतले की सल्फाइट सोसू लागते. पहिली दोन विधाने प्रयोगांनी पक्की सिद्ध झालेली आहेत. तिसरे विधान त्यांच्या आधारावर उभे असल्यासारखे दिसते, पण ते स्वतंत्रपणे कधी सिद्ध झालेले नाही.

ही तीन विधाने कशी तयार झाली आणि तिसऱ्याला पहिल्या दोघांची पत कशी मिळाली, हे या पाठात पाहू. विषय एका लहानशा पूरक गोळीचा आहे. पण ‘यंत्रणा कळली’ आणि ‘उपाय सापडला’ या दोन गोष्टींतले अंतर समजून घ्यायला हे उदाहरण फार उपयोगी आहे.

२. गंधकाची धुरी ते मेटाबायसल्फाइट

गंधक जाळले की सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. तो पाण्यात विरघळला की सल्फाइट व बायसल्फाइट तयार होतात. हे पदार्थ जंतू व बुरशी यांची वाढ रोखतात आणि कापलेले फळ काळे पाडणाऱ्या विकरालाही अडवतात. युरोपात वाइनची लाकडी पिंपे आतून गंधक जाळून धुरावण्याची रीत कित्येक शतकांची आहे. पुढे धुरीच्या जोडीला सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड आली. पूड मोजून टाकता येते, त्यामुळे कारखान्यांना ती सोयीची ठरली.

भारतात हे रसायन आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. सांगली-तासगाव भागात द्राक्षे वाळवताना बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. फळांचे स्क्वॅश टिकवायला ‘केएमएस’, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वापरतात. आपल्याकडच्या बहुसंख्य साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करताना त्यात सल्फर डायऑक्साइड सोडतात. गुळाला उजळ रंग यावा म्हणून ‘हायड्रोस’ टाकण्याची पद्धतही याच रसायनाच्या घराण्यातली आहे.

या रसायनावरचा वादही जुना आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांच्या एका गटाला परिरक्षके घातलेले जेवण देऊन त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. वृत्तपत्रांनी या गटाला ‘विष पथक’ असे नाव दिले. तपासलेल्या पदार्थांत सल्फाइटही होते. वायलींचे मत त्याच्या विरुद्ध गेले, पण कॅलिफोर्नियातील सुकामेवा उत्पादकांनी कडाडून विरोध केला आणि सल्फाइटचा वापर चालू राहिला. अमेरिकेत १९५८ साली अन्नकायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर सल्फाइटची नोंद ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित’ पदार्थांच्या यादीत झाली. बहुतेक निरोगी माणसांच्या बाबतीत ते खरेही होते. प्रश्न उरला तो थोड्यांचा.

३. शिशासारखे दिसणारे खनिज

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. मॉलिब्डेनम हे नाव ग्रीक भाषेतील शिशाच्या नावावरून आले आहे. त्याचे मुख्य खनिज मॉलिब्डेनाइट काळसर, मऊ आणि कागदावर रेघ उमटवणारे असते. त्यामुळे ते, ग्रॅफाइट आणि शिशाचे खनिज यांची शतकानुशतके गल्लत होत राहिली. १७७८ मध्ये स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शील यांनी नायट्रिक आम्लाची क्रिया करून हे खनिज ग्रॅफाइटपेक्षा वेगळे असल्याचे दाखवले. १७८१ मध्ये त्यांचे स्नेही पीटर याकोब येल्म यांनी त्यातून धातू वेगळा केला.

यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मॉलिब्डेनम क्रोम-मॉली पोलादामुळे आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड या वंगणामुळे माहीत असते. हे वंगण म्हणजे शुद्ध केलेले मॉलिब्डेनाइटच. म्हणजे निसर्गात हा धातू मुख्यतः गंधकाशी बांधलेलाच सापडतो. पुढे सजीवांच्या शरीरातही त्याची गाठ गंधकाशीच पडणार होती.

४. माती, गुरे आणि सूक्ष्म पोषकद्रव्य

सजीवांना मॉलिब्डेनम लागते याचा पहिला ठोस पुरावा सूक्ष्मजीवांत मिळाला. हवेतील नायट्रोजन स्थिर करणाऱ्या ॲझोटोबॅक्टर जिवाणूला ते लागते, असे जर्मन संशोधक हर्मान बोर्टेल्स यांनी १९३० मध्ये दाखवले. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात डॅनियल आर्नन आणि पेरी स्टाउट यांनी टोमॅटोच्या रोपांवर प्रयोग करून उच्च वनस्पतींनाही ते आवश्यक असल्याचे सिद्ध केले. १९४२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात ए. जे. अँडरसन यांना आढळले की खुरटलेल्या क्लोव्हर गवताच्या कुरणाला अगदी थोडे मॉलिब्डेनम दिले की ते तरारून येते.

याच सुमारास उलट बाजूही दिसली. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात काही कुरणांवर चरणाऱ्या गाईंना जुलाब होत आणि त्या खंगत. १९३८ मध्ये फर्ग्युसन, लुइस आणि वॉटसन यांनी याचे कारण दिले: त्या गवतात मॉलिब्डेनम फार जास्त होते. गाईंना कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद, दिले की त्या बऱ्या होत. मॉलिब्डेनम जास्त झाले की गुरांना तांबे मिळेनासे होते, हा धडा इथून मिळाला.

म्हणजे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच चित्र स्पष्ट होते. हे द्रव्य लागते, पण अत्यल्प लागते. कमी पडले तर नुकसान होते आणि जास्त झाले तरी नुकसान होते. ‘कमी असेल तर द्या’ हे अँडरसन यांच्या कुरणाने शिकवले. ‘पुरेसे असेल तर आणखी देऊ नका’ हे सॉमरसेटच्या गाईंनी शिकवले. पुढे पूरक गोळ्यांच्या प्रचारात पहिला धडा राहिला आणि दुसरा विसरला गेला.

५. ड्यूक विद्यापीठातील काम

प्राण्यांच्या शरीरात मॉलिब्डेनम नेमके काय करते, हे १९५३ मध्ये कळू लागले. युरिक आम्ल तयार करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या विकरात ते सापडले. सल्फाइटशी त्याचा संबंध मात्र अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात उलगडला.

आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात. त्यांचे विघटन होताना शरीरातच सल्फाइट तयार होते. ते साठू नये म्हणून सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर त्याचे सल्फेट करते आणि सल्फेट लघवीवाटे बाहेर जाते. हे विकर पेशीतील मायटोकाँड्रियात असते आणि यकृतात ते भरपूर असते.

१९६७ मध्ये हार्वे मड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विकर जन्मतः नसलेल्या एका बालकाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूवर गंभीर परिणाम झाला होता, डोळ्यांतील भिंगे जागची सरकली होती आणि ते लहानपणीच दगावले. विकर पूर्ण नसेल तर काय होते, हे या दुर्दैवी उदाहरणाने दाखवले. त्यात मुख्य आघात मेंदूवर होता, श्वासनलिकेवर नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

१९७१ मध्ये हार्वे कोहेन, अर्विन फ्रिडोविच आणि मूळचे भारतीय असलेले के. व्ही. राजगोपालन यांनी गाईच्या यकृतातून मिळवलेल्या सल्फाइट ऑक्सिडेजमध्ये मॉलिब्डेनम असल्याचे दाखवले. पुढचा प्रयोग तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आवडावा असा आहे. आवर्त सारणीत टंगस्टन मॉलिब्डेनमच्या बरोबर खाली येते. त्याची रासायनिक वागणूक इतकी मिळतीजुळती असते की शरीर फसते. उंदरांना कमी मॉलिब्डेनमचा आहार आणि भरपूर टंगस्टन दिले तेव्हा विकरातील मॉलिब्डेनमची जागा रिकामी राहिली किंवा तिथे टंगस्टन बसले आणि विकर निकामी झाले. एरवी हे उंदीर ठणठणीत दिसत. पण त्यांना बायसल्फाइट टोचल्यावर ते इतर उंदरांपेक्षा कमी मात्रेत मेले. १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

साखळीचे पहिले दोन दुवे इथे पूर्ण झाले. या प्रयोगाने काय दाखवले ते नीट वाचू. मॉलिब्डेनम काढून घेतले तर संरक्षण जाते, हे त्याने दाखवले. ज्याच्याकडे आधीच पुरेसे आहे त्याला आणखी दिले तर संरक्षण वाढते, हे त्याने दाखवले नाही. तो त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

६. शिरेतून जेवणारा एक रुग्ण

माणसात आहारातील मॉलिब्डेनमच्या कमतरतेमुळे आजार झाल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एकच आहे. ते १९८१ मध्ये नाजी अबुमराद आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. क्रोन रोगामुळे आतड्याचा मोठा भाग गमावलेला २४ वर्षांचा एक तरुण दीर्घकाळ केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर होता. त्या द्रावणात मॉलिब्डेनम नव्हते. काही महिन्यांनी त्याची नाडी व श्वास जलद झाले, डोके दुखू लागले, रातांधळेपणा आला, उलट्या झाल्या आणि तो शुद्ध हरपेपर्यंत गेला. रक्तात मेथिओनिन वाढलेले होते, लघवीतील सल्फेट घटलेले होते. दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट सुरू केल्यावर तो सुधारला.

हा पुरावा मोलाचा आहे, कारण इथे कमतरता मोजली गेली, भरून काढली गेली आणि लक्षणे गेली. पण या रुग्णाच्या परिस्थितीकडे पाहा. तो तोंडाने काहीच खात नव्हता. डाळी, धान्ये, शेंगदाणे यांत मॉलिब्डेनम चांगल्या प्रमाणात असते. त्यामुळे साधे जेवण जेवणाऱ्या माणसाला त्याची कमतरता होणे कठीण. कॅलिफोर्नियात जुडिथ टर्नलंड यांच्या गटाने चार तरुणांना १०२ दिवस रोज फक्त २२ मायक्रोग्रॅम मॉलिब्डेनम असलेला आहार दिला. कमतरतेची लक्षणे दिसली नाहीत. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

७. सॅलड बार आणि दमा

सल्फाइट आणि दमा यांचा संबंध १९७० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागला. इंग्लंडमध्ये बी. जे. फ्रीडमन यांनी १९७७ मध्ये संत्र्याच्या पेयातील सल्फर डायऑक्साइडमुळे दम्याचा झटका येऊ शकतो असे नोंदवले. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील डोनाल्ड स्टीव्हनसन व रोनाल्ड सायमन यांनी, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी, रुग्णांना प्रत्यक्ष मेटाबायसल्फाइट देऊन तपासलेल्या प्रकरणांची माहिती प्रसिद्ध केली.

या काळात अमेरिकन उपाहारगृहांत सॅलड बारची लाट होती. कापलेल्या भाज्या तासन्‌तास ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर सल्फाइटचे पाणी शिंपडत. ग्राहकाला याची कल्पना नसे. गंभीर झटक्यांच्या आणि मृत्यूंच्या तक्रारी येऊ लागल्या. अखेर १९८६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या खायच्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरण्यास बंदी घातली. दशलक्ष भागांत १० किंवा अधिक भाग सल्फाइट असेल तर लेबलवर उल्लेख सक्तीचा केला.

हा त्रास किती जणांना होतो? १९८६ मध्ये विस्कॉन्सिन येथील रॉबर्ट बुश आणि सहकाऱ्यांनी २०३ दमेकऱ्यांची तपासणी केली. त्यावरून त्यांनी दमेकऱ्यांमधील प्रमाण ३.९ टक्क्यांपेक्षा कमी असावे असा अंदाज दिला. स्टेरॉइडवर अवलंबून असणाऱ्या तीव्र दम्यात हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे त्रास थोड्यांना होतो, पण ज्यांना होतो त्यांचा दमा बहुधा आधीच तीव्र असतो. म्हणूनच इथे चुकीचा सल्ला महाग पडतो.

८. १९८४ : प्रश्नचिन्ह असलेले शीर्षक

आता दोन्ही धागे एकत्र आले. एका बाजूला सल्फाइटची भीती बातम्यांत होती. दुसऱ्या बाजूला सल्फाइट ऑक्सिडेज व मॉलिब्डेनम यांचे नवे जैवरसायन होते आणि अबुमराद यांचा बरा झालेला रुग्ण होता. सल्फाइट-संवेदनशील अशा मोजक्या दमेकऱ्यांच्या त्वचापेशींत या विकराची क्रिया कमी आढळल्याची एक संक्षिप्त नोंदही १९८४ मध्ये आली.

त्याच वर्षी पापायोआनू आणि कार्ल फायफर यांचा लेख ‘ऑर्थोमॉलिक्युलर सायकिॲट्री’ या नियतकालिकात आला. सल्फाइट-संवेदनशीलतेचे कारण मॉलिब्डेनमची कमतरता आहे का, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. ‘ऑर्थोमॉलिक्युलर’ हा शब्द लायनस पॉलिंग यांनी १९६८ मध्ये रूढ केला. शरीरात मुळात असणाऱ्या द्रव्यांच्या मात्रा योग्य करून आजार बरे करावेत, असा या विचारधारेचा आग्रह. तिच्या चौकटीत हा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते, आणि प्रश्न विचारण्यात गैर काहीच नव्हते. चांगले गृहीतक असेच तयार होते.

गडबड पुढे झाली. गृहीतकानंतर चाचणी व्हायला हवी. सल्फाइट-संवेदनशील दमेकऱ्यांचे दोन गट करायचे, एकाला मॉलिब्डेनम आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी द्यायची, नंतर देखरेखीखाली सल्फाइट देऊन फुप्फुसांची क्षमता मोजायची. मॉलिब्डेनममुळे संरक्षण मिळते असे अशा नियंत्रित चाचणीने दाखवलेले नाही. तरीही पूरकांच्या पुस्तिकांत आणि जाहिरातींत शीर्षकातले प्रश्नचिन्ह गळून पडले.

कायद्यानेही वाट मोकळी करून दिली. अमेरिकेच्या १९९४ च्या आहारपूरक कायद्यानुसार ‘हा आजार बरा होतो’ असे लिहिता येत नाही, पण ‘शरीराच्या अमुक कार्याला साहाय्य करते’ असे लिहिता येते. ‘सल्फाइटच्या निचऱ्याला साहाय्य’ हे वाक्य या मर्यादेत नेमके बसते. ते खोटे नाही. पण दमेकरी ग्राहक त्यातून जो अर्थ घेतो, तो सिद्ध झालेला नाही.

९. साखळी कुठे तुटते?

पहिला खंड कमतरतेचा. यंत्राला वंगण लागते. वंगण नसेल तर यंत्र बिघडते. पण पुरेसे वंगण असलेल्या यंत्रात आणखी ओतल्याने त्याची शक्ती वाढत नाही. विकराच्या प्रत्येक रेणूत मॉलिब्डेनमची जागा ठरलेली असते. त्या जागा भरल्या की जास्तीचे मॉलिब्डेनम लघवीवाटे निघून जाते. म्हणून आधी त्या व्यक्तीत कमतरता आहे हे दाखवायला हवे.

दुसरा खंड प्रमाणाचा. शरीरात प्रथिनांच्या विघटनातून रोज तयार होणारे सल्फाइट हे नेहमीच्या आहारातल्या परिरक्षकांतून येणाऱ्या सल्फाइटपेक्षा सहसा जास्त असते. विकर इतके दुबळे असते की बेदाण्यांतले सल्फाइट त्याला झेपू नये, तर डाळ, अंडी, मासे खाल्ल्यावरही त्रास व्हायला हवा. तसे दिसत नाही.

तिसरा खंड जागेचा आणि वेळेचा. आम्लधर्मी पेय पिताना त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, तो श्वासाबरोबर आत जातो आणि संवेदनशील श्वासनलिका काही मिनिटांत आकसते. अनेक रुग्णांत झटक्याचा हाच मार्ग मानला जातो. अन्न पचून यकृतापर्यंत पोचण्याआधीच घसा-छातीत घडणारी ही घटना आहे. यकृतातले विकर कितीही सक्षम असले तरी ते इथे उशिराच पोचणार. आणि मड यांच्या बालकाचे उदाहरण आठवा. विकर अजिबात नसताना मुख्य आघात मेंदूवर झाला होता.

या तीन मुद्द्यांनी तिसरे विधान कायमचे खोटे ठरते असे नाही. एखाद्या छोट्या उपगटात विकराची क्रिया खरोखर कमी असू शकेल. पण आज पुराव्याचे ओझे दावा करणाऱ्यावर आहे, एवढे नक्की.

१०. पूर्ण झालेल्या दोन साखळ्या

तुलनेसाठी मॉलिब्डेनमचीच दोन उदाहरणे घेऊ. चीनच्या हेनान प्रांतातील लिनशियान भागात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते आणि तिथल्या मातीत मॉलिब्डेनम कमी आढळले होते. संबंध पटण्यासारखा होता. १९८६ ते १९९१ या काळात २९,५८४ प्रौढांवर मोठी चाचणी झाली. तिच्यातील एका भागात ‘क’ जीवनसत्त्व आणि रोज ३० मायक्रोग्रॅम मॉलिब्डेनम दिले गेले. १९९३ मध्ये निकाल आले. या जोडीने कर्करोग किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. पटणारे गृहीतक तपासले आणि ते टिकले नाही. विज्ञानात हेही यशच असते.

दुसरे उदाहरण उलट निकालाचे. काही बालकांत मॉलिब्डेनमला विकरात बसवणारा सहघटक जन्मतःच तयार होत नाही. राजगोपालन आणि जीन जॉन्सन यांच्या कामामुळे या सहघटकाची रचना समजत गेली. अशा बालकांना नुसते मॉलिब्डेनम देऊन उपयोग होत नाही, कारण तुटवडा धातूचा नसतो, त्याला धरून ठेवणाऱ्या रेणूचा असतो. जर्मनीतील ग्युंटर श्वार्त्स यांच्या प्रयोगशाळेने त्या रेणूचा पूर्वघटक जिवाणूंकडून तयार करून घेतला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात एका नवजात मुलीला तो देण्यात आला आणि तिच्या प्रकृतीत सुधारणा झाली. २०२१ मध्ये अमेरिकेत या पूर्वघटकाला फॉस्डेनोप्टेरिन या नावाने औषध म्हणून मान्यता मिळाली. इथे उपाय कमतरतेच्या नेमक्या जागी बसला, आणि तो बसतो हे दाखवूनही दिले गेले.

११. जास्त घेतले तर?

‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ असे विद्यार्थी नेहमी विचारतात. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २००१ मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज ४५ मायक्रोग्रॅम आणि कमाल सुरक्षित मर्यादा २,००० मायक्रोग्रॅम ठरवली. युरोपच्या समितीने मात्र कमाल मर्यादा ६०० मायक्रोग्रॅम इतकीच ठेवली आहे. बाजारात ५०० मायक्रोग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. ही मात्रा रोजच्या गरजेच्या अकरा पट आहे. दिवसाला दोन घेतल्या तर युरोपची मर्यादा ओलांडली जाते.

भारतातील एक अभ्यास इथे मुद्दाम सांगायला हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वाय. जी. देवस्थळे आणि सी. गोपालन यांनी १९७४ मध्ये मॉलिब्डेनमचे प्रमाण वेगवेगळे असलेल्या ज्वारीच्या वाणांचा आहार देऊन निरीक्षण केले. रोजचे मॉलिब्डेनम १६० पासून १,५४० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढले तसे लघवीवाटे जाणारे तांबेही वाढले. पुढच्या अमेरिकी अभ्यासांत असा परिणाम दिसला नाही, त्यामुळे या प्रश्नावर एकमत नाही. पण दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. ज्वारी-डाळ खाणाऱ्याला मॉलिब्डेनम जेवणातूनच भरपूर मिळते. आणि सॉमरसेटच्या गाईंचा प्रश्न माणसाच्या बाबतीतही विचारावा लागतो.

गोळीपासून होणारा खरा मोठा धोका मात्र वेगळाच आहे. ‘आता मला संरक्षण आहे’ अशा समजुतीने दमेकरी व्यक्ती सल्फाइटचे पदार्थ खाऊ लागते. इथे प्रश्न पैशांचा राहत नाही, श्वासाचा होतो.

१२. त्या विद्यार्थ्याला दिलेले उत्तर

मी डॉक्टर नाही, म्हणून त्याला आधी छातीच्या किंवा ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे पाठवले. सल्फाइट-संवेदनशीलता खरोखर आहे का, हे वैद्यकीय देखरेखीखालीच तपासायचे असते. घरी बेदाणे खाऊन प्रयोग करायचा नसतो. शिक्षक म्हणून मी त्याला लेबल वाचायला शिकवले. परिरक्षकांच्या यादीत २२० ते २२८ हे क्रमांक या कुटुंबाचे आहेत. २२० म्हणजे सल्फर डायऑक्साइड, २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असल्यास तसा इशारा छापावा लागतो. सुटा माल घेताना मात्र लेबल नसते. तिथे फार उजळ पिवळा बेदाणा किंवा फार फिका गूळ दिसला तर दुकानदाराला विचारावे आणि शंका असेल तर टाळावे. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर जवळ ठेवावा.

आणि त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे दिले. गोळी घेऊन हे पदार्थ खाता येतील असे मानायला आज आधार नाही. त्याने लगेच विचारले, “मग ते विकराचे सगळे खोटे आहे का?” खोटे नाही. उलट ते इतके खरे आणि सुंदर आहे की त्याच्या प्रकाशात पुढचे न तपासलेले वाक्यही खरे वाटू लागते.

सारांश

• सल्फाइट हे जुने व उपयुक्त परिरक्षक आहे. बहुतेकांना ते चालते, काही दमेकऱ्यांना ते घातक ठरू शकते.
• सल्फाइट ऑक्सिडेज विकराला मॉलिब्डेनम लागते, हे १९७१ ते १९७३ च्या प्रयोगांनी सिद्ध झाले.
• मॉलिब्डेनमची कमतरता साधे जेवण घेणाऱ्यांत अत्यंत दुर्मीळ आहे.
• पूरक मॉलिब्डेनममुळे सल्फाइट-संवेदनशीलता कमी होते, हे नियंत्रित चाचणीने दाखवलेले नाही.
• अभाव घातक आहे, यावरून अधिक घेणे हितकारक आहे असा निष्कर्ष निघत नाही.

स्वाध्याय

१. टंगस्टन दिलेल्या उंदरांच्या प्रयोगातून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही, ते सकारण लिहा.
२. लिनशियानची चाचणी आणि फॉस्डेनोप्टेरिनचा विकास यांची तुलना करा. दोन्ही ठिकाणी गृहीतक कसे तपासले गेले?
३. ‘सल्फाइटच्या निचऱ्याला साहाय्य करते’ या लेबलवरील वाक्याचे परीक्षण करा. ते खरे असूनही दिशाभूल करणारे कसे ठरू शकते?
४. तुमच्या घरातील पाच पाकीटबंद पदार्थांची लेबले वाचा. २२० ते २२८ यांपैकी कोणते क्रमांक आढळले आणि ते कशासाठी घातले असावेत, याची नोंद करा.
५. आपल्या प्रदेशात प्रचलित असलेल्या एखाद्या पूरकाचा दावा घेऊन त्यातील सिद्ध दुवे आणि न तपासलेला दुवा वेगळे करून दाखवा.